भाता आणि पाटी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मुलांच्या जडणघडणीत आणि शिक्षणात आईवडिलांचा वाटा कोणता, यावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी जरा घुटमळलो. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेला आणि मराठीत कविता लिहिणारा साधा माणूस आहे. पण आपल्या मुलुखात आईबापांनी मुलांना कसं शिकवलं, याचा इतिहास वाचायची मला आवड आहे. त्या इतिहासाचा एक लहानसा तुकडा आमच्या घरातही घडला. तिथूनच सुरुवात करतो.

माझे अब्बा कल्हईवाले. सायकलला भाता आणि कोळशाचं पोतं बांधून ते गावोगाव फिरायचे. पिंपळाच्या पाराजवळ खड्डा करायचा, कोळसे पेटवायचे, भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. हे काम एकट्या माणसाचं नव्हे. कल्हई करणाऱ्याचे दोन्ही हात भांड्यात गुंतलेले असतात. भाता ओढायला दुसरं माणूस लागतं. बाहेरचं माणूस ठेवावं तर त्याची मजुरी निघत नाही. म्हणून भात्यावर घरचंच पोर बसतं.

मी चौथी पास झालो, ते साल १९८० च्या आसपासचं. आता मी भात्यावर बसायचं, असं घरात जवळजवळ ठरलंच होतं. एका संध्याकाळी आमचे गुरुजी घरी आले. आमची घरची बोली दखनी, गावातली शाळा मराठी. त्या शाळेत कवितेच्या तासाला मी जरा बरा होतो, एवढंच माझं भांडवल. गुरुजी ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, ''याला शाळेतून काढू नका.'' अब्बा म्हणाले, ''गुरुजी, हा शाळेत गेला तर भाता कोण ओढणार?'' गुरुजींकडे त्याचं उत्तर नव्हतं. ते म्हणाले, ''काहीतरी करा, पण काढू नका.'' रात्री जेवताना अब्बा अम्मीला म्हणाले, ''इसकू पढने दो. देखेंगे.''

मी पाचवीत गेलो. भात्यावर कोण बसलं, ते शेवटी सांगतो. आधी इतिहासात जाऊ या.

पुण्यात गोविंदराव फुले नावाचे गृहस्थ होते. फुलांचा व्यवसाय, थोडी शेती. त्यांचा धाकटा मुलगा जोती, जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई त्याच्या तान्हेपणीच गेली. त्याला वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी. त्या एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करत आणि ऐकून ऐकून त्यांना थोडं इंग्रजीही कळू लागलं होतं. जोतीला शाळेत घातलं, तो शिकू लागला. मग एका कारकुनानं गोविंदरावांच्या कानात सांगितलं की, शिकून पोरगा शेतीच्या कामातून जाईल. गोविंदरावांना ते पटलं. त्यांनी मुलाला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं.

गोविंदराव वाईट बाप होते का? मला तसं वाटत नाही. शाळा काय देते, हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. मळा काय देतो, ते रोज दिसत होतं. अशा माणसाला कुणीतरी येऊन दुसरी बाजू सांगावी लागते. त्यांच्या शेजारी मुन्शी गफार बेग राहत, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे होते लिजिट नावाचे साहेब. दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ च्या सुमारास जोतीराव पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या शाळेत. आपण ज्यांना महात्मा म्हणतो, त्यांच्या आयुष्यात शिक्षणाचं दार एकदा बंद झालं होतं. ते पुन्हा उघडलं, त्यात दोन शेजाऱ्यांचा हात होता. मुन्शी गफार बेग यांचं नाव वाचलं की मला आमच्या ओट्यावर बसलेले गुरुजी आठवतात. तिथे माळ्याच्या पोरासाठी मुन्शी गेला, इथे कल्हईवाल्याच्या पोरासाठी गुरुजी आले.

पण गोविंदरावांची गोष्ट इथे संपत नाही. १८४८ मध्ये जोतीरावांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोक खवळले आणि त्यांनी दडपण आणलं ते म्हाताऱ्या बापावर. गोविंदरावांनी मुलाला सांगितलं, शाळा सोड, नाहीतर घर सोड. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई घराबाहेर पडले. ज्या बापानं मुलाला पुन्हा शाळेत पाठवलं, त्यालाच त्या शिक्षणाचं फळ झेपलं नाही. मूल शिकतं म्हणजे आपल्यापेक्षा वेगळा विचार करायला शिकतं. त्याची तयारी शाळेत घालताना फार थोड्या आईबापांची असते. मीही दोन मुलांचा बाप आहे, म्हणून हे सांगतो.

आता दुसरं घर पाहू. कर्नाटकात पश्चिम घाटाच्या जंगलात गंगामूळ नावाची जागा आहे. तिथे अनंतशास्त्री डोंगरे नावाचे विद्वान पंडित राहत. भर समाज सोडून ते रानात का गेले? कारण त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं होतं. बाईनं संस्कृत शिकणं त्या काळी लोकांना खपणारं नव्हतं. १८५८ मध्ये त्या रानातच रमाबाईंचा जन्म झाला. तोवर वडील थकले होते, त्यामुळे मुलीला शिकवायचं काम आईकडे आलं. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, उजाडायच्या आधी, आई मुलीला उठवायची आणि श्लोक पाठ करून घ्यायची. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर हिंडलं. १८७४ च्या दुष्काळाच्या दिवसांत आईवडील दोघेही गेले. मागे राहिलं ते पहाटेचं पाठांतर. त्याच्याच बळावर कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला पंडिता आणि सरस्वती म्हटलं.

फुले आणि रमाबाई, एकाला शेजाऱ्यांनी शाळेत पोचवलं, दुसरीला आईनं शाळेवाचून शिकवलं. १८८२ मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला, तेव्हा या दोघांनीही त्याच्यापुढे साक्ष दिली. रमाबाईंनी मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका हव्यात, असं सांगितलं. जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी केली. सक्ती हा शब्द नीट ऐका. ज्याच्या बापानं एकदा शाळा बंद केली होती, तो माणूस ही मागणी करतो. मुलाचं शिक्षण बापाच्या मर्जीवर किंवा शेजाऱ्याच्या भलेपणावर सोडता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

तिसरं घर मुंबईचं. परळमधली डबक चाळ, एक खोली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन, काही वर्षं साताऱ्यात काढून मुंबईला आले होते. लष्कराच्या शाळेत ते बरीच वर्षं हेडमास्तर होते. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवायची सोय होती, म्हणून ज्या समाजाला गावात शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्या समाजातल्या या घरात अक्षरओळख होती. मुलांना शिकवणारा बाप आभाळातून पडत नाही. त्यालाही कुणीतरी, कधीतरी शिकवलेलं असतं.

त्या एका खोलीत सगळं कुटुंब. उशाशी जातं, पायाशी शेळी. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. अभ्यासाला निवांतपणा मिळावा कसा? रामजींनी तोड काढली. मुलाला लवकर निजवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं, दोनला त्याला उठवायचं आणि त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. मग मुलगा चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत बसे. मुलाला पुस्तकांचं वेड. पेन्शन तुटपुंजी. पुस्तक हवं असलं की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे, मंजुळा आणि तुळसा यांच्याकडे जात, उसने पैसे मागत. पैसे नसले तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. रामजी तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत.

ही गोष्ट आपण रामजींच्या थोरवीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण मला आता तिच्यातली दुसरी माणसंही दिसू लागली आहेत. पुस्तक भीमरावांचं, पण दागिना मंजुळाबाईंचा नाहीतर तुळसाबाईंचा. दोन मुलांना शिकवणं झेपेना, तेव्हा थोरले बंधू आनंदराव यांचं शिक्षण थांबलं आणि ते कामाला लागले. गरीब घरात एक मूल शिकतं, तेव्हा त्याच्या शिक्षणाची किंमत दुसरं मूल देत असतं. चरित्रात त्याचं नाव एखाद्या वाक्यात येतं. बहुतेक घरांची चरित्रंच लिहिली जात नाहीत, तिथे तेवढंही येत नाही.

रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. मुलगा तेव्हा बी.ए. झालेला होता. त्याच वर्षी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कला गेले. तिथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. त्यातला आशय असा की, आईबाप मुलाला फक्त जन्म देतात, त्याचं नशीब देत नाहीत, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. मुलाच्या आयुष्याला वळण देणं त्यांच्या हातात असतं. मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचंही शिक्षण झालं तर प्रगती फार झपाट्यानं होईल, असंही त्यांनी लिहिलं. बाप जाऊन फार दिवस झाले नव्हते. रात्री दोनपर्यंत जागणारे सुभेदार त्या ओळींमागे उभे आहेत, असं मला ते वाचताना वाटतं. दागिने काढून देणाऱ्या बहिणीही असतील.

ही शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव गायकवाड आणखी एका कारणासाठी आठवायला हवेत. मूल शाळेत घालणं ही आईबापांवरची कायदेशीर जबाबदारी आहे, हे आपल्याकडे पहिल्यांदा त्यांनी करून दाखवलं. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, मुलींसह. १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता.

ब्रिटिश मुलुखात हेच व्हावं म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं. मागणी फार मोठी नव्हती. ज्या नगरपालिकांची आणि लोकल बोर्डांची तयारी असेल, त्यांना सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा द्या आणि महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेऊ नका. तरी १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. जमीनदारांचा त्याला विरोध होता. शेतावरची, कारखान्यातली पोरं शाळेत गेली तर काम कोण करणार? श्रोतेहो, हा प्रश्न आमच्या ओट्यावरही विचारला गेला होता. पण जमीनदारानं तो विचारणं वेगळं आणि माझ्या अब्बांनी विचारणं वेगळं. एकाला स्वस्त मजूर हवा होता, दुसऱ्याला रात्रीची भाकरी.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळात रुपया ही मोठी रक्कम होती. पण महाराज फक्त दंड करून थांबले नाहीत. जातीजातींच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहं उभी केली. मुसलमानांची मुलं शिकावीत म्हणून १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून तिचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. बापाला कायद्याचा धाक दाखवायचा आणि पोराच्या भाकरीची, निवाऱ्याची सोयही करायची, अशी दोन्ही बाजूंनी त्यांनी ही गाठ सोडवली.

हीच वाट पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी धरली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याचं बोर्डिंग. सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीत. एकदा पोरांना घालायला घरात धान्य उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. पोटची नसलेली पोरं होती ती. आईपण कुठवर जाऊ शकतं, ते या बाईनं दाखवलं. आणि कमवा व शिका, म्हणजे हातातलं काम न सोडता पाटी धरायची, हे आमच्या अब्बांच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं. गुरुजींना त्या संध्याकाळी ते सुचलं नाही, एवढंच.

पुढचं आपल्याला माहीत आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि त्यांना शिक्षणाची संधी देणं हे आईबापांचं मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत लिहिलं गेलं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. हंटर आयोगापुढच्या साक्षीपासून मोजलं तर सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. या मधल्या वर्षांत किती पोरं भात्यावर, मळ्यात, मागावर, धुण्याभांड्यांवर राहिली असतील?

त्यातली एक मला ठाऊक आहे. आता सांगतो.

मी पाचवीत गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भात्यावर माझी आपा बसली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, सातवीत जाणार होती. तिला शाळेतून काढायचं, असं कुणी ठरवलं नाही. त्यावर बोलणंही झालं नाही. ती नुसती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली नाही. तिच्यासाठी कुणी गुरुजी ओट्यावर येऊन बसले नाहीत. मीही विचारलं नाही. मला नवं दप्तर मिळालं होतं, मी त्या आनंदात होतो. चार वर्षं तिनं भाता ओढला. मग तिचं लग्न झालं. तोवर घरोघरी स्टीलची भांडी आली होती, कल्हईचं कामही आटत गेलं आणि भाता माळ्यावर जाऊन पडला.

माझा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा मी तो अब्बांना अर्पण केला. ''ज्यांनी मला शिकवलं,'' असं छापलं होतं. आपाला प्रत दिली. तिनं चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, सावकाश ते पान वाचलं. म्हणाली, ''अब्बांचं नाव छान आलंय रे.'' मग पुस्तक मिटत, अगदी सहज म्हणाली, ''भाता जड होता, नाही?''

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

अब्बांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात एकच पाटी घेण्याइतके पैसे होते आणि ती त्यांनी मला दिली. ती मलाच का दिली, हा प्रश्न मात्र राहतोच. मुलगा होतो म्हणून दिली, दुसरं कारण नाही. आपाही कवितेच्या तासाला बरी होती. तिच्या जुन्या पुस्तकातूनच मी पहिल्या कविता पाठ केल्या होत्या.

आपाला दोन मुली. थोरली दहावी झाली, तेव्हा घरात बोलणं निघालं की आता पुरे, कामाला हातभार लागू दे. आपा एरवी फार कमी बोलते. त्या दिवशी ती म्हणाली, ''माझी पोरगी भात्यावर बसणार नाही.'' तिच्या सासरी कधी भाता नव्हता. मुलींना तो शब्द कळलाही नसेल. पण दोघी शिकल्या. थोरली आज शिक्षिका आहे, आणि वर्गातली एखादी मुलगी चार दिवस आली नाही तर तिच्या घरी जाऊन ओट्यावर बसते.

श्रोतेहो, आईबापांची भूमिका काय, असं मला विचारलं होतं. मला वाटतं, मोठमोठे संस्कार आणि महागडे क्लास यांच्या आधी एक साधं काम आहे. घरात पाटी येते तेव्हा ती कुणाकुणाच्या हातात गेली आणि कुणाच्या हातात गेली नाही, हे पाहायचं. आपल्याला जमत नसेल तर शेजाऱ्याला, गुरुजींना, सरकारला हाक मारायची. आणि शेजारच्या घरातली पाटी थांबली असेल तर आपण जाऊन त्या ओट्यावर बसायचं. मुन्शी गफार बेग तेवढंच करून आले होते.

माझ्या नव्या संग्रहाची अर्पणपत्रिका मी लिहून ठेवली आहे. तिच्यात अब्बांचं नाव आहेच. त्याआधी आपाचं आहे.